चाचांचा शक

पैसे घेताना चाचा समोरच्याच्या तोंडाकडं बघत नसत, हाताकडं बघत. जुन्या जालन्यात कपड्याच्या दुकानात ते गल्ल्यावर बसायचे. मी झाडलोट आन् चहापाणी करायची. माझे मालक वारल्यावर केदारखेड्याहून आल्ते, तर हेच काम भेटलं. पहिल्याच दिवशी चाचा म्हणले, "बाई, तुझ्यावर भरोसा न्हाई माझा. वाईट वाटून घेऊ नको, शेठवर बी न्हाई."

गिऱ्हाइकानं कार्ड काढलं की चाचा भिताडाकडं तोंड करायचे, मला बी करायला लावायचे. मशीनीच्या चिठ्ठीवर कार्डाचे शेवटचे चारच आकडे, बाकी फुल्या. कापड वापस आलं तर तेवढ्यावरून कार्ड कळायचं. पण दुसऱ्या बँकेची एक जुनी मशीन व्हती. तिच्या चिठ्ठीवर उलटं, शेवटचे चार झाकलेले आन् पुढचे सगळे उघडे. त्या चिठ्ठ्या चाचांनी माडीवर कुलपात टाकल्या. ह्या चार आकड्यांवाल्या खाली, गल्ल्याजवळच्या कपाटात. म्हणायचे, "मुंडकं वर, शेपूट खाली. जवळ आणलं की जनावर उठून चालाया लागतं."

अंबडच्या एक बाई फोनवर कापड मागवायच्या. छोट्या शेठनं त्यांचा अख्खा नंबर कागदावर उतरून घेतला. चाचांनी तो कागद फाडून माझ्या खरकट्या पाण्याच्या बादलीत बुडवला.

"चाचा, दर टायमाला काय विचारत बसायचं?" छोटे शेठ म्हणले.

"विचारायचं. तोंड झिजून राह्यलं का तुमचं?"

पुढं एक दिवस त्याच बाई दुकानात येऊन उभ्या राह्यल्या. त्यांच्या कार्डावरून कोणीतरी पैसे उडवले व्हते. "नंबर इथूनच गेला," म्हणल्या. "कचरा कोण नेतं तुमचा?"

छोट्या शेठनं माझ्याकडं बघितलं. "मावशी, खरं काय ते सांगा."

चोर म्हणून नाव झालं असतं, तर त्या गल्लीत कोणी मला उंबऱ्याला उभं केलं नसतं. दुसरी जागा तरी कुठं व्हती मला?

चाचा जागचे उठले न्हाईत. "हिच्यावर तर माझा पहिल्यापासून शक हाय," म्हणले. मी हातातला झाडू भिताडाला टेकवला. मंग म्हणले, "म्हणून तर हिच्या हाताला कधी धड कागद लागू दिला न्हाई. कचरा मी उपसून बघतो, मंगच ही नेती. खालची किल्ली माझ्या कमरेला, वरची बड्या शेठकडं. ही नेणार काय? धूळ? तुम्ही घरी कोणाला नंबर सांगितला, ते आठवा."

बाई पायऱ्या उतरून गेल्या. पैसे कसे गेले, ते आम्हाला कधीच कळलं न्हाई.

सांच्याला चहा देताना मी म्हणलं, "चाचा, उपकार झाले."

"कशाचे? उद्या बी कचरा बघणारच हाय."

मागच्या पावसाळ्यात चाचा गेले. आता गल्ल्यावर शेठची सून बसती. पोरगी चांगली हाय. "मावशी, तुम्ही तर घरच्याच," म्हणती, आन् कपाट उघडं टाकून जेवायला जाती. मला लई भेव वाटतं. मी बाहेर पायरीवर जाऊन बसते. ती म्हणती, उन्हात कशाला, आत बसा. मी म्हणते, आधी कुलूप लाव बाई, मंग येते.