पोळ्याच्या दिवशी सोनेगावचा रोलर

लढाईच्या दिवसांत सोनेगावच्या विमानतळावर गोरे वैमानिक होते, मद्रासी मेकॅनिक होते, पहाऱ्याला पठाण होते, आणि कवडू होता. बाकीचे सगळे विमानं सांभाळत. कवडू जमीन सांभाळायचा. त्याची पाखऱ्या-चांद्याची बैलजोडी धावपट्टीवरून दगडी रोलर ओढायची आणि तो मागून गुणगुणत चालायचा. गडी काटक, मिशा भरघोस, आणि हट्टीपणात चार गावांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्या पट्टीचा एक तुकडा मूळचा त्याचाच. सरकारने वावर घेतलं, कवडूने दिलं, पण मनातून काही ते सुटलं नाही. विमान जरा वेडंवाकडं उतरलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. "माह्या तुरीच्या वावरात असं उतरते का गा कोनी?" असं तो पठाणाला विचारायचा. पठाणाला मराठीचा गंध नव्हता, तरी तो मान हलवायचा.

कवडूचा एकुलता एक मुलगा वसंत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लष्करी लॉरी चालवत होता. पावसाळा लागल्यापासून त्याची काही खबर नव्हती. हा वसंत पुढे धडधाकट परत आला, हे मी आत्ताच सांगून टाकतो. उगाच वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावायची मला सवय नाही. पण कवडूला हे तेव्हा ठाऊक नव्हतं, एवढं ध्यानात ठेवा.

त्या वर्षी श्रावणात पावसाने नुसता वैताग आणला. पोळ्याच्या दोन दिवस आधी धावपट्टीच्या मधोमध जमीन खचली. मजुरांनी मुरूम टाकून खड्डा भरला. आता त्यावर रोलर फिरला की झालं, असं सगळेच समजून चालले. इंजिनाचा रोलर होता, पण तो बिघडून दुरुस्तीला कामठीला पडला होता. राहिली कवडूची जोडी.

आणि पोळ्याच्या सकाळी कवडू आलाच नाही.

आता यात चूक कोणाची म्हणायची? पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, हे सांगावं लागतं का कुठे? सूर्य पूर्वेला उगवतो हे कवडूने विमानतळाच्या गोऱ्या साहेबाला कधी सांगितलं नव्हतं, तसंच हेही सांगितलं नाही. साहेब बिचारा सातासमुद्रापलीकडचा, त्याला पोळा काय नि पाडवा काय! ओव्हरसियर मधुसूदनराव मात्र इथलेच, शहरातल्या महाल पेठेतले. पण ते पक्के शहरी. पोळा म्हणजे पोरांचे लाकडी बैल आणि दुसऱ्या दिवशीची मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक, एवढंच त्यांच्या डोक्यात. खरे बैल त्या दिवशी सुट्टीवर असतात हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मधुसूदनराव चिखल तुडवत कवडूच्या दारात आले तेव्हा सुभद्रा, कवडूची बायको, चुलीपुढे पुरण वाटत होती. अंगणात पाखऱ्या-चांद्याची शिंगं रंगवून झाली होती आणि कवडू त्यांच्या गळ्यात घुंगरमाळा बांधत होता.

"कवडू, काहून आला नाहीस गा? चाल, जोडी काढ!"

"आज?" कवडूला वाटलं मधुसूदनराव थट्टा करतात. "आज पोळा हाय साहेब."

"अरे, बिनतारी संदेश आला आहे. ब्रह्मदेशाकडून जखमी घेऊन विमान निघालं आहे. दुसरीकडे ढग, इथेच उतरणार. दुपारपर्यंत तो मुरूम दाबला नाही तर चाकं रुततील. कोलांटी खाईल ते!"

ब्रह्मदेश म्हटल्यावर सुभद्राचा हात वरवंट्यावरच थांबला.

कवडूने घुंगरमाळेची गाठ अर्धवटच सोडली. तरी तो म्हणाला, "काल सांजच्याले आमी या बैलायचे खांदे शेकले. हळद-लोनी लावलं. 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हनलं. जेवाले बलावलं अन् मानेवर जू ठेवू? हे मले नाही होत साहेब. नोकरी जाते तर जाऊ द्या."

मधुसूदनरावांनी हात जोडले, आवाज चढवला, पुन्हा हात जोडले. सोमलवाडा, जयताळा, खामला, सगळीकडे माणसं धाडून झाली होती. एकाही घरचा बैल मिळाला नव्हता. कुठून मिळणार? कवडू पाखऱ्याच्या पाठीवर हात फिरवत राहिला. त्या विमानात वसंत असला तर? वसंत नसला तरी कोणी तरी असणारच की! एकीकडे मुकं जनावर, दुसरीकडे माणसं, आणि मधे हा असा अडकलेला. मला त्या माणसाची खरंच दया येते.

एकाएकी त्याने घुंगरमाळ सुभद्राच्या हातात दिली आणि डोक्याला फडकं गुंडाळलं.

"जोडी काढतोस ना?" मधुसूदनराव आशेने म्हणाले.

"जोडी इथंच राहीन. सन बैलाचा हाय साहेब, मानसाचा नाही."

आखरावर, गावची गुरं जमतात त्या मैदानात, तोरण बांधत असलेल्या माणसांना त्याने हाक दिली. कोरे सदरे घातलेले बाप्ये आधी हसले, मग कवडूचा चेहरा पाहून हसायचे थांबले. थोड्याच वेळात सोनेगावचे झाडून सगळे गडी धावपट्टीवर हजर! जू कवडूने स्वतःच्या खांद्यावर घेतलं, दुसऱ्या बाजूला गावचा पाटील रुपराव. बाकीच्यांनी दोर लावले. रोलर आधी तसूभर हलेना. मग कोणी तरी "हुर्र, चांद्या!" म्हणून कवडूला हाकलं, हशा पिकला आणि त्या हशातच दगड हलला.

गोरा साहेब पाहतच राहिला. हे काय चाललं आहे ते मधुसूदनरावांनी त्याला इंग्रजीत समजावलं. कितपत समजलं देव जाणे, पण त्याने टोपी काढून ठेवली आणि दोराला हात घातला. मग पठाण आला, मद्रासी मेकॅनिक आले. साहेब दोनदा चिखलात आपटला, तेव्हा सोनेगावने पोळ्यापेक्षाही मोठा सण साजरा केला.

मुरूम बसला न बसला तोच आकाशात घरघर झाली. सगळे बाजूला पळाले. कवडू त्या मुरमाकडे बघत उभा राहिला. विमान टेकलं, धावलं, भरलेल्या खड्ड्यावर आलं, जरासं दचकलं आणि पुढे निघून गेलं.

झालं! कवडू तिथेच चिखलात फतकल मारून बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग उठून तो एकेका स्ट्रेचरपाशी गेला. कोणी शीख, कोणी गुरखा, कोणी गोरा. वसंत नव्हता. त्याला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त बरं वाटलं, कारण त्यात असता तर जखमी असता.

संध्याकाळी पोळा फुटल्यावर सुभद्राने बैलांना ओवाळलं, पुरणपोळी चारली. मग आदल्या दिवशीचं उरलेलं हळद-लोणी पळसाच्या पानावर घेऊन ती कवडूच्या मागे येऊन बसली. त्याचे खांदे सोलून निघाले होते.

"मले काहून वं?"

"आज जू कोनं ओढलं?"

लोणी लागताच तो कळवळला. ती हळूहळू चोळत राहिली. मग तिने विचारलं, "वसंता नव्हता?"

"नव्हता. पन कोनाकोनाचा वसंता उतरला वं."

सुभद्राने डोळे पुसले, बैलांच्या शेजारीच पाट मांडला आणि त्याला जेवायला बसवलं.

पुढच्या वर्षी आषाढातच साहेबाने रोलर थांबवून विचारलं, "कवडू, पोला कब?"