नर्सबाईंचा सेकंदकाटा

लढाईच्या काळात कोपरगावात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. एकदा दवाखान्यातल्या नर्सबाई मनगटी घड्याळ घेऊन आल्या. सेकंदकाटा निखळून काचेखाली लोळत होता, आणि त्याच्याशिवाय त्यांना रोग्याची नाडी मोजता येईना.

वाऱ्याने काटा उडू नये म्हणून मी दार लावलं, मांडीवर पांढरा पंचा पसरला आणि श्वास रोखला. काटा जास्त दाबला तर खालची सुईसारखी दांडी मोडणार, आणि मुंबईहून सुटे भाग येणं तर कधीच बंद झालेलं. तेवढ्यात काटा चिमट्यातून सटकला.

“हलू नका!” मी बाईंवर खेकसलो. त्या उचललेला पाय तसाच अधांतरी ठेवून उभ्या राहिल्या.

काटा पंच्याच्या चुणीत सापडला. मी पुन्हा श्वास रोखला. दुसऱ्या खेपेला तो बसला एकदाचा, आणि चालूही लागला.

बाईंनी घड्याळ घेऊन आधी स्वतःची नाडी मोजली. मग माझं मनगट धरलं आणि बराच वेळ काट्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, अडकला पुन्हा.

“घड्याळ बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आता दार उघडा, आणि पाणी प्या.”