जावेची गच्ची

धाकटी जाऊ आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. दीर रेल्वेत. गावोगावी बदल्या होत होत शेवटी त्यांना जबलपूर मिळालं आणि राइट टाउनमधल्या आमच्या घराचा बंद असलेला वरचा मजला उघडला. मी शाळेत शिकवते, हे फॅक्टरीतून रिटायर झालेले, मुलगी कॉलेजात. मुलीला मराठी समजतं सगळं, पण बोलताना ती हिंदीच बोलते. त्यामुळे घरात मराठीत गप्पा मारणारी एक बाई आली, याचंच मला अप्रूप होतं.

ते अप्रूप उन्हाळा लागेपर्यंत टिकलं.

जुने झालेले, पाणी थंड न करणारे माठ आम्ही जिन्याखाली टाकून ठेवतो. जावेनं ते उचलून गच्चीवर नेले, त्यांना भोकं पाडली आणि भाजीची सालं, चहाचा चोथा, रस्त्यावर पडलेली कडुनिंबाची पानं असं थराथरानं त्यात टाकायला लागली. काही महिन्यांत त्याचं काळं, भुसभुशीत खत झालं. त्या खतावर वांगी आली, मिरच्या आल्या, पुदिना तर कुंडीबाहेर सांडायला लागला. आंघोळीचं वाहून जाणारं पाणी ती टबात धरायची आणि संडासात ओतायची. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना. भाताला एक चांगली उकळी आली की गॅस बंद करून पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायची. तासाभरात भात मोकळा शिजलेला असायचा. ओमतीच्या बाजारात पनीर आणायला जाताना स्टीलचा डबा बरोबर न्यायची.

यातलं काही फार मोठं नव्हतं. पण माझी मुलगी वेडी झाली. कॉलेजातून आली की बॅग खाली टाकायची आणि थेट वर. मी चहा ठेवून वाट बघत बसायचे आणि वरून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. एकदा ती धावत खाली आली.

"आई, पता है तुझे? काकू चावल गोधडी में रखती है! गॅस कितना बचता है! तू क्यों नहीं करती ऐसा?"

"माझ्या गोधड्या अंगावर घ्यायच्या आहेत," मी म्हटलं.

ती हसली नाही. मलाही हसू आलं नव्हतं.

मला जे बोचत होतं ते वेगळंच होतं. मी लग्न झाल्यापासून दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालते. मुलीच्या मैत्रिणी येणार असल्या की ती आधी अंगणात जायची. "आई, ये पन्नी हटाओ ना. कैसा दिखता है!" मी हटवायचे. फाटलेल्या चादरींची मी पायपुसणी केली, यांच्या जुन्या पँटच्या पिशव्या शिवल्या, मिक्सर बिघडला की गोहलपुरात नेऊन दुरुस्त करून आणला. तेव्हा घरात सगळे मला कंजूष म्हणायचे, थट्टेत का होईना. आणि आता जावेच्या दोरीवर तशीच पिशवी वाळत होती, तर माझी मुलगी त्या पिशवीचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवत होती.

तो फोटो मी पाहिला. खाली लिहिलं होतं, "मेरी काकू."

त्याच आठवड्यात मी मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीच्या आड, एक बादली ठेवली. झाकण होतं. त्यात भाजीचा कचरा टाकायला लागले. कोणाला सांगितलं नाही. एक दिवस खत तयार झालं की सहज बोलता बोलता दाखवायचं, असं ठरवलं होतं. ते दाखवताना मुलीचा चेहरा कसा होईल, हेही मी ठरवून टाकलं होतं.

खत झालंच नाही. बादलीत पाणी सुटलं आणि मग असा वास सुटला की हे पेपर हातात घेऊन अंगणात आले.

"काहून वास येऊन राहिला इतका? उंदीर मेला की काय कुठं?"

"नालीचा असेल," मी म्हटलं.

ते नाली तपासायला वाकले. तेवढ्यात जाऊ कपडे वाळत घालायला गच्चीच्या कठड्याशी आली. तिनं खाली पाहिलं, टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दुपारी हे झोपल्यावर ती वाळलेल्या पानांची गोणी घेऊन खाली आली.

"ताई, ओलं जास्त झालं फक्त. पानं घाला बरोबरीनं, आणि झाकण काढा. हवा लागली की वास जातो. माझाही पहिला माठ असाच सडला होता, भंडाऱ्याला असताना."

"अच्छा," मी म्हटलं.

ती मुलीला सांगेल, अशी माझी खात्री होती. तिनं सांगितलं नाही. मला तिचा जास्तच राग आला. ती जरा जरी वाईट वागली असती, तर मला किती सोपं झालं असतं.

पावसाळा संपल्यावर मुलीनं कॉलनीतल्या बायकांना आमच्या गच्चीवर बोलावलं. घरच्या घरी काय काय करता येतं ते दाखवायला. बऱ्याच जणी आल्या. मुलगी हिंदीत समजावत होती, काकू माठ उघडून दाखवत होती. मी चहाचा ट्रे घेऊन फिरत होते. एकीनं विचारलं, "दूध की थैली धोने के बाद भी महकती है, उसका क्या करें दीदी?"

मुलीनं काकूकडे पाहिलं.

"मला कुठं येतं ते?" जाऊ म्हणाली. "हे ताईंना विचारा. मी त्यांचंच बघून शिकले."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी ट्रे खाली ठेवला आणि सांगितलं. पिशवी पूर्ण उघडून कापायची, आधी गार पाण्यानं धुवायची, मग राखेनं किंवा बेसनानं घासायची, आणि उन्हात उलटी वाळवायची. बायकांनी माना डोलावल्या. मुलगी म्हणाली, "अरे वा, आई!" मला आनंद व्हायला हवा होता. पण मुलीनं आपणहून माझं नाव घेतलं असतं तर झाला असता. हा जावेनं काढून दिलेला आनंद होता, तिच्या ताटातला.

थंडीत जावेच्या आईचं ऑपरेशन निघालं. ती आणि दीर नागपूरला गेले. जाताना तिनं किल्ली माझ्या हातात दिली.

"ताई, झाडं तेवढी बघाल ना? माठ हलवून घ्याल?"

मी रोज सकाळी वर जाऊ लागले. पहिले काही दिवस मुलगी माझ्या मागे उभी राहून सूचना द्यायची. "काकू ऐसे नहीं डालती." मी ऐकून घेतलं. मग एका रविवारी वांग्याच्या कुंडीत मावा पडला, पानांखाली बारीक हिरवी कीड. मुलगी घाबरली, काकूला फोन करू म्हणाली. मी म्हटलं, थांब. साबणाचं पाणी केलं, फडकं भिजवलं आणि प्रत्येक पान खालून पुसायला बसले. माझी आई असंच करायची. थोड्या वेळानं ती शेजारी येऊन बसली, दुसरं फडकं घेतलं. ऊन पाठीवर होतं. तिनं मला माझ्या आईबद्दल विचारलं. हिंदीत नाही, तोडक्यामोडक्या मराठीत.

"आजी पण वांगी लावत होती?"

"लावत होती ना. पण तिला भेंडी जास्त आवडायची."

त्यानंतर ती रोज माझ्याबरोबर वर यायला लागली. आम्ही दोघी माठ हलवायचो, मिरच्या तोडायचो. रात्रीचा भात मीही गोधडीत ठेवायला लागले, कारण ती म्हणाली म्हणून. एका संध्याकाळी वांग्याची ती कुंडी मी खाली आणली. वर थंडी फार आहे, असं कारण सांगितलं. ते काही खरं नव्हतं.

जावेचा फोन यायचा. आई बरी आहे, टाके काढले, आता चालायला लागली. मी मनापासून चौकशी करायचे. आणि फोन ठेवल्यावर मनात यायचं, अजून थोडे दिवस राहिली तिथं तर बरं. तिच्या आईला काही व्हावं असं कधीच वाटलं नाही. फक्त तिनं इतक्यात येऊ नये, एवढंच.

ती आली. मुलगी जिन्यातच तिच्या गळ्यात पडली. दोघी गच्चीवर गेल्या, मी मागून गेले. जावेनं एकेक कुंडी पाहिली, माठात हात घालून खत चोळून पाहिलं.

"ताई, माझ्यापेक्षा छान ठेवलं हो तुम्ही."

"मी आणि आईनं," मुलगी म्हणाली. मराठीत म्हणाली.

मी किल्ली जावेच्या हातात दिली. वांग्याची कुंडी खाली माझ्या पायरीशीच होती. जाताना येताना तिला ती दिसत होती. तिनं मागितली नाही, आणि मीही परत वर नेली नाही.