कावड माझी होती

डॉक्टरांनी मला बरा ठरवलं आणि मी घरी येऊन सांगितलं — वजन उचलायचं नाही म्हणाले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच.

हार्ट अटॅकला तेव्हा सात महिने झाले होते. नागपूरच्या तपासणीला बायको, सुमन, सोबत होती, पण नेमकी औषधं घ्यायला खाली गेलेली. डॉक्टर म्हणाले, सगळं छान आहे, शेतीची कामं सुरू करा. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. मला घाम फुटला.

का? आजारी होतो तोवर सगळं घर माझ्या छातीवर लक्ष ठेवून होतं. बरा झालो, तर ही राखण कुणी करायची — मी एकट्याने? तसा मी दिवसभर मनगटावर बोट ठेवून ठोके मोजायचोच. मोजताना भीती वाटायची, भीतीने ठोके वाढायचे, म्हणून पुन्हा मोजायचो. इतका कामात गढलेला माणूस आमच्या आंबागडात दुसरा नसेल.

मग रोवणी आली. आमच्याकडे भात बाया रोवतात, आणि रोपांच्या पेंढ्या कावडीने बांधीपर्यंत, म्हणजे भाताच्या खाचरापर्यंत, पुरुष नेतो. म्हणजे मी. मजूर मिळेना, तेव्हा सुमनने कावड स्वतःच्या खांद्यावर घेतली. आणि मी — दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर छत्रीखाली बसून ठोके मोजत होतो. एकदा वाटलं, सांगून टाकावं. पण सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? पाचव्या खेपेला ती निसरड्या धुऱ्यावरून कोसळली.

मी पळालो. तिला उचललं, चिखलातून तीन बांध्या ओलांडून रस्त्यावर आणलं. ठोके मोजायचे राहूनच गेले.

मनगट मोडलं होतं. जुळलं, पण वाकडं. आजही चुलीवरून भाताचा गंज उतरवताना ती दातओठ खाते, पण मला हाक मारत नाही — मला वजन उचलायचं नाही ना. आणि यांनी जीव धोक्यात घालून मला उचललं, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मी ऐकून घेतो.

प्लास्टर घालून आणलं त्या संध्याकाळी मी सवयीने छातीवर हात ठेवून ओसरीत बसलो होतो. रोवणाऱ्या बायांमधली पार्बताबाई तिला पाहायला आली होती. जाता जाता माझ्यासमोर थांबली.

"भाऊ, वहिनीले उचलून तीन बांध्या धावले, तं छाती नाही दुखली तुमची. मंग पेंढ्याच कायले जड जात होत्या?"