दोनशे रुपये कुठे कुठे हरले

कुणी हे वाचलंच, तर माझ्या चुका आणि वेडंवाकडं अक्षर पोटात घालावं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली.

मी टेनिस क्लबात धुणं धुते. गेल्या वर्षी तिथं स्पर्धेला इंग्लंडचा एक खेळाडू आला होता. तांबड्या मातीने माखलेले त्याचे कपडे मी धुतले. तो पहिलाच सामना हरला आणि घाईत माझे दोनशे रुपये द्यायचे विसरून गेला.

रागाने मी भाचीला म्हटलं, "मोबाइलात बघ गं, कुठं आहे तो."

दर सोमवारी ती बघायची. "मावशी, तुझे दोनशे रुपये तुर्कस्तानात हरले." मग इजिप्तमध्ये, मग पोर्तुगालमध्ये.

हळूहळू राग गेला. भाची सांगायची, त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला कुणी नाही, सोबत घरचं माणूस नाही. एवढं हरून माणूस सकाळी पुन्हा बूट कसे बांधतो? कपडे पिळताना मी थक्क होऊन त्याचाच विचार करायची. मला तर चारचौघांत बोलायचाही धीर होत नाही.

यंदा तो आला, तो थेट धुण्याच्या दगडापाशी. मान खाली घालून त्याने दोनशे रुपये दिले.

भाची म्हणाली, "फिटले सगळे. आता बघायचं नाही ना?"

मी नोटा पदराला बांधल्या. "सोमवारी बघ," म्हटलं.