शेवंताचे पायलीभर तांदूळ

शिबिराच्या बाईंनी खूण केली. गड्याने हात न लावता, बांबूने ढकलत ढकलत, तांदळाची भरलेली टोपली माझ्या मुलीच्या पायांशी आणली. बाई म्हणाल्या, "घेऊन जा सगळे. आता हे तुमचेच."

त्या टोपलीत साऱ्या मुलींच्या घरचे तांदूळ होते. माझ्या शेवंताचे त्यांत पडले, म्हणून सारे विटाळले.

मी अर्जनवीस आहे, लोकांचे अर्ज लिहून देणारा. गोंदियाच्या तहसील कचेरीपुढे चिंचेखाली माझी बैठक. शिक्षण मराठी चौथीपर्यंत; परंतु माझ्या अक्षराची आणि मजकुराची बरोबरी करणारा इसम या तालुक्यात नाही, हे कचेरीतील कारकूनही कबूल करतात. ज्यांच्या ओसरीवर मला पाय ठेवता येत नाही, त्यांची गाऱ्हाणी मी हुजुरांपर्यंत पोचवली आहेत. जातीने आम्ही महार. हे मी कधी लपवलेले नाही.

नवेगावच्या बांधाजवळ, एका मालगुजाराच्या, म्हणजे तिथल्या जमीनदाराच्या, आमराईत, मुलींचे उन्हाळी शिबिर भरणार असे पत्रक शाळेत आले. तिथेच मुक्काम करायचा, लेझीम आणि शिवण शिकायचे. पत्रकात शब्द होते, "सर्व कन्यांना आमंत्रण." सर्व या शब्दाचा अर्थ मला कळतो. शेवंताचा अर्ज मी स्वतः लिहिला; त्यात जात विचारलेली नव्हती. मंजुरी आली. तेव्हापासून पोरगी झोपेतही लेझमीचा ठेका धरत होती.

शिबिराचा रिवाज असा की, प्रत्येक मुलीने घरून पायलीभर तांदूळ आणायचे, आल्याबरोबर एकाच टोपलीत ओतायचे, आणि त्याचा भात सर्वांनी एका पंगतीत खायचा. घरी आम्ही तांदळाची तुटकी कणकी खातो. पण तिच्या आईने सुवासिक चिन्नोर तांदूळ कांडले, पाखडले, नव्या फडक्यात बांधून दिले.

आदल्या दिवशी निघून सकाळी बैलबंडीने आम्ही आमराईत पोचलो. शेवंताने तांदूळ ओतले. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग तोच हात टोपलीत घालून सारे तांदूळ कालवले आणि म्हणाल्या, "आता कुणाचे कुठले ते ओळखा बरं!" मुली खळखळून हसल्या. माझीही हसली.

एवढ्यात मालगुजाराचा दिवाणजी आला. त्याच्या धन्याचे अर्ज मीच लिहीत असे. मला पाहताच ओरडला, "अरे, हा तं कचेरीपुढचा महार! हे पोट्टी याची होय? बाटले ना जी बाई, सारे तांदूळ!"

बाईंनी हात झटकला. टोपलीत साप निघावा तसा. पदराला पुसला. मग धुवायला पाणी मागवले. हाच हात.

त्यानंतर ती टोपली आमच्यापुढे आली. वर बाईंनी उपकारही केला. "राहायचंच असेल तर गोठ्याशेजारी सोय करू. तिथंच रांधा, तिथंच झोपा. लेझीम लांबून दिसेल."

माझे हात आपोआप जुळले. तोंडून अर्जातलाच मजकूर निघाला, "बाईसाहेब, आपण मायबाप आहात, गरिबावर कृपादृष्टी ठेवून..."

शेवंताने माझी बाही ओढली.

"बाबा, हात कायले जोडून रायले जी?"

 आयुष्यभर मी असाच मजकूर लिहीत आलो होतो. शेवंता बाईंकडे वळली. 

"बाई, माहे तांदूळ मले निवडून द्या. मंग जातो आमी."

दिवाणजी खेकसला, "कालवलेले तांदूळ कोनी निवडते काय वो पोट्टी?"

"मंग बाटले ते कोनते, ते तरी दाखवा."

  बाई टोपलीकडे पाहत राहिल्या.  

माझे हात सुटले. मी दिवाणजीस म्हणालो, "टोपली इथंच राहील. आम्ही टाकलेलं उचलत नाही. आणि तुमच्या धन्याला सांगा, अर्ज लिहिणारा दुसरा पाहा म्हणावं."

परतताना बंडीत शेवंता रडली नाही. रिकामे फडके तिने घडी घालून मांडीवर ठेवले होते. तिला आमराईत झोपायचे होते, लेझीम शिकायची होती, एवढेच. त्या घडीकडे पाहून माझ्या अंगाची जी आग झाली, ती विझलेली नाही. ती विझू नये, अशी माझी दक्षता आहे.

त्या दिवसापासून "मायबाप" हा शब्द माझ्या लेखणीतून उतरलेला नाही. अर्ज फेटाळला जाईल, असे लोक बजावतात. फेटाळा. मी पुन्हा लिहीन.

पुढच्या उन्हाळ्यात शिबिर भरेलच. आमच्या मोहल्ल्यातील प्रत्येक मायने लेकीच्या नावाचे चिन्नोर आतापासून बाजूला काढले आहे. बंडी मी हाकणार. पहाटेच पोचणार. टोपली रिकामी असतानाच आमच्या मुलींचे तांदूळ तिच्यात पडतील, तळाशी, सर्वांच्या आधी. मग ज्यांना आपले निवडून घ्यायचे असतील, त्यांनी निवडत बसावे.