जांगाची बिनकाट्यांची कादूशी

रिंकोन गावच्या निकासिओ जांगाला पाच मुली. पाचही गुणाच्या, आणि पाचही लग्नं होऊन परक्या आडनावांत विरघळलेल्या, साखर पाण्यात विरघळावी तशा. साठी उलटली तसा त्याला एकच घोर लागला, की आपण डोळे मिटले की या बेटावर जांगा हे नाव घेणार कोण? सहा मुलगे असलेला शेजारी वेन्सिस्लाओ कुंपणापलीकडून म्हणे, "कोम्पा, तुझं नाव तुझ्याबरोबरच शवपेटीत जायचं. पेटी जरा मोठी करून घे."

निकासिओच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक कादूशी उभी होती. हा उभा निवडुंग एरवी घराच्या वर वाढतो. ही मात्र माणसाएवढीच राहिली, कारण त्याची बायको युफेमिया दर आठवड्याला तिचे शेंडे सुपासाठी उतरवी. शिवाय तिला काटे नव्हते, कारण युफेमिया धुणंही तिच्यावरच वाळत घाली. लग्नाच्या पहिल्या वर्षी निकासिओच्या ठेवणीतल्या विजारीला बसण्याच्या जागी सतरा भोकं पडली. ती तशीच घालून तो चर्चला गेला, आणि त्या रविवारी पाद्रीबाबांचं प्रवचन कुणाच्याही कानात शिरलं नाही. तेव्हापासून दर शनिवारी तो पक्कड घेऊन बसे आणि नवे फुटलेले काटे एकेक करून उपटी. चाळीस वर्षं.

एकदा युफेमिया धाकटीच्या बाळंतपणाला गेली असताना हॉलंडहून झाडांचा अभ्यास करणारी पोस्तमाबाई आली. तिने कादूशीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि वही उघडली.

"मेनेर जांगा, ही अशीच आहे? पहिल्यापासून?"

"माझं लग्न झालं तेव्हापासून," निकासिओ म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

"ही नवी जात आहे. हिला मी तुमचं नाव देते."

निकासिओच्या जिभेवर पक्कड आली होती. ती त्याने गिळली आणि स्पेलिंग सांगितलं.

दोन वर्षांनी बाई छापील पुस्तक घेऊन परत आली. त्यात कादूशीचं चित्र होतं आणि खाली नाव, सेरेउस जांगाए. निकासिओने त्यावरून बोट फिरवलं. बाई कौतुकाने सूप पीत होती. तेवढ्यात ओल्या कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन युफेमिया दारात आली.

"निकासिओ, आज शनिवार. काटे कोण उपटणार, तुझा सासरा?"

बाईचा चमचा हवेतच थांबला. निकासिओ छताकडे बघू लागला.

"कसले काटे?" बाईने विचारलं.

"विजारीत घुसतात ते. याला विचारा, याच्याएवढी माहिती कुणाला नाही."

मग सगळं बाहेर आलं, सतरा भोकांसकट. बाई आधी पांढरी पडली, मग लाल झाली आणि शेवटी डोळे पुसत हसत सुटली. निकासिओला मात्र हसू येईना.

"म्हणजे नाव गेलं," तो म्हणाला. "पुसून टाका. वेन्सिस्लाओला मी सांगेन."

"पुसता येत नाही," बाई म्हणाली. "झाडांच्या नावांचा नियमच तसा आहे. एकदा रीतसर छापलेलं नाव चुकीचं ठरलं तरी यादीतून निघत नाही. खऱ्या नावाच्या खाली पडून राहतं."

"किती दिवस?"

"लोक झाडांची पुस्तकं लिहितील तोवर. या कादूशीखाली आधीच खूप नावं पडलीत. एका पंडिताने हिला नुसतं कॅक्टस म्हटलं, दुसऱ्याने सेरेउस, म्हणजे मेणबत्ती, म्हटलं, तिसऱ्याला तेही पटलं नाही. सगळे मोठमोठे प्राध्यापक."

निकासिओने खुर्ची पुढे ओढली. "आणि त्यांच्यात मी?"

"त्यांच्यात तुम्ही."

त्याची छाती हळूहळू फुगत गेली. मग त्याने पुस्तक बाईसमोर सरकवलं. "बाई, ती नावं जरा वाचून दाखवा. माझ्या वर कोण, खाली कोण, एकदा कळू दे. जन्माचा शेजार आहे, माणसं बरी असली पाहिजेत."

"तिथं तरी कुणाशी भांडू नकोस," युफेमिया म्हणाली, आणि त्याची विजार झटकून सरळ कादूशीवर पसरली.